एका विळीची चार नावं

एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. जाड लाकडी पाट, त्याच्या एका टोकाला ठोकलेलं, वर उचलून पुढे वळलेलं लोखंडी पातं आणि पात्याच्या शेंड्याला दातेरी चकती. पुण्यात हिला विळी म्हणतात. ठाणे-रायगडच्या अनेक आगरी-कोळी घरांत ती मोरळी असते, तळकोकणात आणि गोव्यात आदोळी, विदर्भाच्या पूर्व भागात पावशी. चारही नावं एकाच वस्तूची, असं वरवर वाटतं. पण जिथे रोजच्या कालवणात नारळ पडतो तिथल्या विळीला खवणीची चकती असते आणि जिथे नारळ देवापुढेच फुटतो तिथे पातं नुसतंच संपतं. मासळीची विळी कित्येक घरांत भाजीच्या विळीपासून वेगळी ठेवलेली असते. नाव बदलतं तिथे वस्तू, स्वयंपाक आणि घरातला सोवळ्या-ओवळ्याचा हिशेबही थोडा बदललेला असतो. आता हीच वस्तू एखाद्या संग्रहालयात आली असं समजा. नोंद होईल ती साधारण अशी: भाजी कापण्याचे साधन, लोखंड व लाकूड, विसावे शतक. नोंद खोटी नाही. पण जिनं चाळीस वर्षं त्या पाटावर पाय रोवून भाजी चिरली तिला ती वाचून आपली मोरळी ओळखता येणार नाही आणि अभ्यासकाला ती कुठल्या गावच्या स्वयंपाकघरातून आली याचा मागमूस लागणार नाही.

वस्तू आणि तिचं नाव यांची ताटातूट हा विषय एकदा डोक्यात शिरला, की संग्रहालयात काचेआडच्या वस्तूपेक्षा काचेखालच्या पट्टीकडेच आधी लक्ष जातं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २० हजार वस्तू आहेत. अडकित्ते, दिवे, वजऱ्या, दौती, दारांच्या चौकटी. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर ऊर्फ काकासाहेब केळकरांनी त्या वाड्यावाड्यांतून, बाजाराबाजारांतून जमवल्या आणि १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केल्या. असा संग्रह एका माणसाच्या पायपिटीवर उभा राहतो. त्या वस्तूंच्या नावांचं ज्ञान मात्र एका माणसाकडे असूच शकत नाही, ते लाखो घरांत विखुरलेलं आहे. ते गोळा करण्याचा एक स्वस्त आणि आनंदाचा मार्ग गेल्या वीस-बावीस वर्षांत जगानं शोधला आहे. वस्तूचं चित्र लोकांपुढे ठेवायचं आणि त्याच्याभोवती खेळ रचायचा. हा मार्ग मराठी संग्रहालयांनी घ्यावा, त्याची सुरुवात मुंबईच्या उपनगरांतून करावी आणि घेताना त्या खेळाचा मूळ नियम उलटा करावा, असं माझं म्हणणं आहे. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, पण त्याकडे जायला थोडा इतिहास लागेल.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २००३-०४ च्या सुमारास लुइस फॉन आन या तरुण संगणकशास्त्रज्ञानं एक खेळ बनवला. एकमेकांना न ओळखणाऱ्या, एकमेकांशी बोलू न शकणाऱ्या दोघांना एकच चित्र दिसतं. दोघांनी त्यात जे दिसतं ते टाइप करत जायचं. दोघांचा एखादा शब्द जुळला की गुण मिळतात आणि तो शब्द त्या चित्राला चिकटतो. लोक तासन्‌तास खेळले आणि २००६ साली गूगलनं ही कल्पना आपल्या चित्रशोधासाठी उचलली. त्याच सुमारास काही अमेरिकी कला संग्रहालयांनी एकत्र येऊन आपल्या वस्तूंना सामान्य प्रेक्षकांकडून शब्द लावून घेतले. आलेल्या शब्दांपैकी ८६ टक्के शब्द संग्रहालयांच्या स्वतःच्या नोंदींत कुठेच नव्हते आणि कर्मचाऱ्यांनी तपासले तेव्हा बहुसंख्य शब्द त्यांना उपयोगी वाटले. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०११ साली जुन्या वर्तमानपत्रांतले संगणकाला न वाचता आलेले शब्द लोकांकडून टाइप करून घेतले. प्रत्येक बरोबर शब्दागणिक चिचुंद्र्यांच्या पुलाला एक तुकडा जोडला जाई, एवढाच तो खेळ. नेदरलँड्समध्ये दूरचित्रवाणीच्या जुन्या चित्रफितींवर असंच काम झालं. ही यादी बरीच लांबवता येईल, पण माझ्या मुद्द्याला यातला एकच प्रयोग नीट पाहावा लागतो.

मिया रिज या संशोधिकेनं २०१०-११ मध्ये लंडनचं सायन्स म्युझियम आणि सिडनीचं पॉवरहाउस म्युझियम यांच्या वस्तू घेऊन दोन छोटे खेळ बनवले. तिनं मुद्दाम देखणी चित्रं टाळली आणि खगोलशास्त्राची जुनी उपकरणं, म्हणजे पाहताक्षणी कुणाला काही सांगणार नाहीत अशा वस्तू निवडल्या. पहिल्या खेळात डोरा नावाची नवखी सहायक होती. तिच्या हातून वस्तूंचे शब्द हरवलेत, ते तिला परत मिळवून द्यायचे. दुसऱ्यात डोनाल्डला मदत करायची, पण त्यासाठी वस्तूबद्दल खरी माहिती शोधून ती कुठे सापडली हेही लिहायचं. डोराच्या खेळात शब्द हजारोंनी आले. डोनाल्डच्या खेळात माहितीचे तुकडे मोजकेच. खेळावर आक्षेप घेणारे नेमकं इथेच बोट ठेवतात. लोक 'गोल', 'पितळी', 'जुनं' असं लिहून मोकळे होतात आणि कष्टाची पाळी आली की पळतात, मग याला संशोधन कसं म्हणायचं?

लंडनपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे त्या उपकरणाचं नाव, बनवणारा, वर्ष, पेढी हे सगळं आधीच नोंदलेलं असतं आणि त्यात 'गोल' या शब्दानं फारशी भर पडत नाही. आपली गरज मात्र उलटी आहे. आपल्याकडच्या घरगुती आणि शेतीच्या वस्तूंना कारागिराची सही नाही, बिल नाही, वर्ष नाही. त्यांची जन्मपत्रिका असलीच तर ती नावातच आहे. पितळी मापांची एक उतरंड घ्या. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, चार चिपट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, आणि मधे मापटं व अधोली. ज्याला हा हिशेब ठाऊक आहे त्यानं हातातल्या भांड्याला नुसतं 'चिपटं' म्हटलं, तरी आकारमान कळलं, ते कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर येतं ते कळलं, आणि 'आमच्याकडे पायली याहून मोठी' असं पुढे म्हणाला तर प्रदेशही कळला. पेव म्हटलं की जमिनीतला खड्डा, बळद म्हटलं की भिंतीच्या आधारानं बांधलेली कोठी, कणगी म्हटलं की शेणानं सारवलेली, बांबूची विणलेली कोठी, मुडा म्हटलं की पेंढ्यात वळून बांधलेला भात. इंग्रजी नोंदीत या चौघांनाही धान्य साठवण्याचं साधन यापलीकडे ओळख मिळणं कठीण. लंडनच्या नोंदवहीत जो नुसता शब्द ठरला असता, तो आपल्या नोंदवहीत पुरावा ठरतो.

या पुराव्याला मुदत आहे. १९५६ च्या कायद्यानं दशमान पद्धत आली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात सक्तीची झाली. खळ्यावर आणि घरात पायली-चिपटं आणखी काही वर्षं टिकली, हे खरं. तरी ज्या मुलीनं दहाव्या वर्षी वाण्याकडून चिपट्यानं मापून तांदूळ आणले ती आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. तिच्या नंतर हे माप आपल्याला शब्दकोशातून मिळेल, हाताच्या अंदाजातून मिळणार नाही.

आता नियमाबद्दल. दोन अनोळखी माणसांचा शब्द जुळला तरच गुण, हा फॉन आनचा नियम खोडसाळपणा रोखायला उत्तम आहे. त्याची किंमत मात्र २००८ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवून दिली. त्यांनी एक संगणकी खेळाडू तयार केला, जो चित्राकडे बघतच नसे. त्या चित्राला आधी कुठले शब्द लागलेत एवढं पाहून तो पुढचा शब्द ताडायचा. आणि तरीही त्याचा शब्द समोरच्या माणसाशी ६९ टक्के चित्रांच्या बाबतीत जुळला. म्हणजे जुळणीचा नियम खेळाडूला सर्वांत सोपा, सर्वांना सुचेल असा शब्द लिहायला शिकवतो. आता आपली विळी या खेळात टाका. एक खेळाडू मुलुंडचा, एक वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. वर्सोव्याच्या मुलीला मोरळी ठाऊक आहे, पण समोरचा काय लिहील याचा अंदाज घेऊन तीही 'विळी'च लिहिणार, कारण गुण त्यालाच आहेत. दहा हजार डाव खेळून झाल्यावर आपल्या हाती येईल तो शाळेच्या पुस्तकातला एक शब्द. नेमके जे तीन शब्द हवे होते, ते आपणच नियम करून पुसले असं होईल. म्हणून मराठीतल्या खेळात गुण वेगळेपणाला हवेत. शब्द जुळला तर एक गुण, पण आधी कुणी न दिलेला शब्द दिला आणि तोच शब्द पुढे त्याच मुलखातल्या दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे दिला, तर दोघांनाही दहा. जुळणी हवीच, पण ती मुलखाच्या आत शोधायची.

मुलूख नोंदवण्याचं महत्त्व शिकवणारं एक पुस्तक आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षं पडून आहे आणि त्याच्या मागचा माणूस मराठी वाचकाला फक्त त्याच्या मृत्यूमुळे माहीत आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. तो प्रसंग, त्यामागचं राजकारण, नंतरचा खटला यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात मला इथे शिरायचं नाही. याच जॅक्सननं गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुती गोळा करायचं काम हाती घेतलं होतं. त्यासाठी एक प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली आणि मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर ही सामग्री आर. ई. एन्थोवेननं संपादित केली. गुजरातचा खंड १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली निघाला.

कोकणच्या खंडात निसर्गशक्तींची पूजा, ग्रामदेवता, रोगांच्या देवता, दृष्ट आणि चेटूक अशी प्रकरणं आहेत. पण मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट पानांच्या तळाशी दिसते. परिच्छेदागणिक तळटीप आहे आणि तिच्यात फक्त एवढंच: शाळामास्तर, चौक. शाळामास्तर, मिठबाव. शाळामास्तर, आगाशी. कुठली समजूत कुठल्या गावाहून आली ते आज शतक उलटून गेल्यावरही सांगता येतं. आजच्या भाषेत हे लोकसहभागातून केलेलं संशोधनच होतं. फरक एवढाच, की उत्तरं पोस्टानं यायची. त्याच तळटिपांत या पद्धतीचे दोषही लिहून ठेवलेले आहेत. मास्तरांच्या गावाचं नाव छापलं, मास्तरांचं स्वतःचं नाव नाही. ज्यानं गावभर विचारत हिंडून पानं लिहिली तो 'शाळामास्तर' या हुद्द्याखाली कायमचा बुजला. दुसरा दोष अधिक खोल आहे. उत्तर देणारे सगळे एकाच साच्याचे होते, शिकलेले पुरुष, सरकारी नोकरीतले, आणि त्या काळी हे शिक्षण ज्या जातींपर्यंत पोचलं होतं बहुतांशी त्यांतले. आजीबाईचं, मोळीवालीचं, कोळणीचं म्हणणं आलं तर ते मास्तरांच्या लेखणीतून गाळून. तिसरा दोष प्रश्नांचा. काय पुजता, कशाला भिता, हे साहेबाला हवं होतं. या वस्तूला तुमच्या घरी काय म्हणता, हा प्रश्नच प्रश्नावलीचा विषय नव्हता. विचारणारा जे विचारत नाही ते लोकांना ठाऊक असूनही कागदावर येत नाही.

हा शेवटचा दोष आपल्याच माणसांनी काही प्रमाणात भरून काढला. न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या ना. गो. चापेकरांनी १९३३ साली 'आमचा गाव बदलापूर' लिहून एकाच गावाचं जिणं, धंदे, चालीरीती, शब्द यांची इतकी बारीक नोंद केली, की आज बदलापूर उपनगरी गाडीचं स्थानक झाल्यावर ते पुस्तक म्हणजेच त्या गावाचं संग्रहालय उरलं आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात गावोगाव जाऊन एकाच गोष्टीचे वेगवेगळे शब्द ध्वनिमुद्रित केले. हे काम प्रशिक्षित भाषाभ्यासकांचं आहे आणि खेळ त्याची जागा घेऊ शकत नाही. पण अभ्यासकांना प्रत्येक घरात जाता येत नाही. खेळानं वाट दाखवावी आणि अभ्यासकानं जाऊन खात्री करावी, अशी ही वाटणी आहे.

या कामाला उपनगरंच का? १ ऑक्टोबर १९२० ला उपनगर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी साष्टी, म्हणजे ही उपनगरं ज्यावर वसली आहेत ते बेट, ठाणे जिल्ह्यात होती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा गावं होती आणि गावठाणांच्या रूपानं ती अजून इमारतींच्या पोटात शिल्लक आहेत. मरोळ, आंबोली, गोराई, मनोरी इथले ईस्ट इंडियन, वर्सोव्याचे कोळी, जंगलाच्या कडेचे वारली हे इथले मूळ रहिवासी. त्यांच्यावर शतकभरात येऊन वसले ते रत्नागिरी-सिंधुदुर्गचे चाकरमानी, जुन्नर-आंबेगावचे, सातारा-सांगलीचे, खानदेश-विदर्भाचे, शिवाय कच्छ-सौराष्ट्राचे. घाटकोपरच्या एका चाळीत केरसुणी, खराटा, फडा आणि वाढवण हे चारही शब्द सापडू शकतात. बोलींच्या सर्वेक्षकाला जे चार जिल्हे हिंडून मिळेल ते इथे एका जिन्यावर मिळतं. उलट बाजूही खरी आहे. इथेच ते सर्वांत वेगानं नाहीसं होत आहे, कारण एका जिन्यावर राहायचं तर सगळ्यांनी 'झाडू' म्हणणं सोयीचं पडतं.

उपनगरांना मोठं वस्तुसंग्रहालय नाही. दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून उभं आहे. अंधेरीच्या पुढे जे आहे ते उघड्यावर आहे. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर या लेण्यांबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांच्याइतकंच मोलाचं पण कमी पाहिलं गेलेलं ठिकाण म्हणजे बोरिवली पश्चिमेचं एकसर गाव. तिथे सहा वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर समुद्रातली लढाई कोरलेली आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनं, म्हणजे कॅम्पबेल या संपादकानं अधिकारी आणि पंडितांकडून माहिती मागवून रचलेल्या ग्रंथमालेनं, या दगडांचं फळीवार वर्णन केलं आहे. एका फळीत उंच टोकाची पाच गलबतं, त्यांना डोलकाठ्या आणि प्रत्येकाच्या बाजूला नऊ वल्ह्यांची रांग. लढाई कुणाची, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. एक मत असं, की १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवानं उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहाराचा समुद्रात पाडाव केला, ती ही लढाई. दुसरं मत तिला अकराव्या शतकात, माळव्याच्या भोजाच्या कोकणस्वारीपर्यंत मागे नेतं. दोन मतांत सुमारे अडीचशे वर्षांचं अंतर आहे.

हा वाद खेळानं सुटेल असं मी म्हणत नाही. मला पहिलं मत अधिक पटतं, कारण सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख यादवांच्या बाजूच्या लिखाणातच येतो आणि आरमारी लढाईचे इतके दगड एकाच ठिकाणी उभे राहावेत असा दुसरा प्रसंग नजरेपुढे येत नाही. पण मत कुठलंही असो, त्याचा पाया दगडावर काय दिसतं हाच आहे आणि तो पाया अजून १८८२ च्या एका वर्णनावर फार विसंबून आहे. गलबतं किती, वल्ही किती, ढाली गोल की लांबट, डोक्याला काय बांधलंय, ही मोजणी शेकडो डोळ्यांनी वेगवेगळ्या उजेडातल्या छायाचित्रांवरून केली तर गॅझेटियरची खातरजमा होईल. आणखी एक गोष्ट मोजणीच्या पलीकडची आहे. गॅझेटियरनं 'उंच टोक' लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधणाऱ्या आणि हाकणाऱ्या माणसाला तिथे नाळ दिसेल, नाळेचा कल दिसेल, परबाण आणि शीड आहे की नाही ते दिसेल, सुकाणू कुठे बसवलंय ते दिसेल. एकसरपासून गोराईची खाडी किती लांब आहे? त्या खाडीतल्या माणसांना या दगडांचं चित्र दाखवून 'ही होडी कशी आहे' असं रीतसर विचारणं, हे संशोधनच आहे.

उपनगरातले लोक असल्या कामाला येतात का, या शंकेला उत्तर मिळून गेलेलं आहे. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग, विलेपार्ल्याचं साठ्ये महाविद्यालय आणि इंडिया स्टडी सेंटर ट्रस्ट यांनी २०१५ नंतर साष्टीची पुरातत्त्वीय पाहणी केली, तेव्हा डॉ. कुरुश दलाल, डॉ. सूरज पंडित यांच्यासारख्या अभ्यासकांबरोबर विद्यार्थी आणि हौशी मंडळी गावठाणं, देवळं, तळी धुंडाळत हिंडली. मूर्ती, वीरगळ, गधेगाळ नोंदले गेले. माणसं येतात. त्यांना नेमकं काम आणि त्यांच्या कामाची कदर हवी असते.

आता आक्षेपांकडे. पहिला नेहमीचाच, की लोक चुकीचं लिहितील. लिहितीलच. पण नोंद पुसून तिच्या जागी लोकांचा शब्द टाका, असं कुणी म्हणत नाही. तज्ज्ञाची नोंद वर आणि लोकांचे शब्द खाली, प्रत्येकापुढे मुलूख आणि किती जणांनी स्वतंत्रपणे दिला तो आकडा. एकाच माणसानं दिलेला शब्दही ठेवायचा, एकाचाच म्हणून ठेवायचा. चूकसुद्धा उपयोगी पडते. एखाद्या वस्तूला शंभरातल्या ऐंशींनी 'माहीत नाही' म्हटलं, तर ती किती विसरली गेली याचं ते माप असतं.

दुसरा आक्षेप आजचा आहे. संगणक आता स्वतःच चित्र ओळखतो, मग माणसांना कशाला बसवायचं? फॉन आनच्या वेळचं काम खरोखरच यंत्रानं घेतलं आहे. पण यंत्राला तेच नाव येतं जे आधी कुणीतरी हजारो चित्रांखाली लिहून ठेवलेलं असतं. मोरळी हा शब्द मोरळीच्या चित्राखाली कुणी लिहिलेलाच नसेल तर यंत्र तिला विळी म्हणेल, किंवा इंग्रजीतून काहीतरी आणेल, आणि तेच पुढे सगळीकडे छापलं जाईल. यंत्र आल्यामुळे हे काम जास्त निकडीचं झालं आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मुलूख विचारा म्हणता, पण मराठी शब्दांचा भेद मुलखाइतकाच जातीचाही आहे. मग जात विचारणार का? मी विचारू नये असं म्हणेन. खेळात कुणालाही आपली जात टाइप करावी लागणं हे त्या खेळाला आणि खेळणाऱ्याला शोभणारं नाही आणि उद्या ती माहिती कुणाच्या हाती पडेल याची हमी देता येत नाही. त्याऐवजी 'हा शब्द कुणाकडून ऐकला आणि घरात काम काय होतं' एवढं विचारावं. होडी, शेती, विणकाम, मिठागर, गिरणी. उत्तर द्यायचं बंधन नको. यानं भेद पूर्ण पकडला जाणार नाही, तेवढी उणीव सोसावी. मात्र जॅक्सनच्या मास्तरांसारखा एकाच साच्याचा जमाव होऊ नये, याची काळजी खेळ रचणाऱ्यानं घ्यायची आहे. मराठी वाचनालयांच्या सभासदांपुरता हा खेळ राहिला तर त्यातून मास्तरांचीच उत्तरं येतील. तो कोळीवाड्याच्या समाजमंदिरात, गावठाणाच्या चर्चच्या आवारात, महापालिकेच्या शाळेत आणि रहिवासी मंडळाच्या गणपतीच्या मांडवात न्यावा लागेल. आणि ज्यांना टाइप करणं अवघड, त्यांच्यासाठी आजीनं बोलायचं आणि नातवानं लिहायचं, अशी जोडीच खेळाचा नियम करावी. तिथे जुळवणी दोन अनोळखी माणसांची नसेल, दोन पिढ्यांची असेल.

चौथा प्रश्न श्रमांचा. लोकांकडून फुकट काम करून घेऊन कंपन्यांनी धंदा केला, हे चित्रांच्या बाबतीत घडून गेलं आहे. म्हणून जमलेले शब्द सर्वांना मोफत खुले असावेत आणि ज्याची इच्छा असेल त्याचं नाव वस्तूच्या नोंदीत छापावं. शाळामास्तरांचं नाव छापलं नाही ती चूक शंभर वर्षांनी पुन्हा करायची नाही.

राहता राहिलं, वारशाचा खेळ करणं शोभतं का? आपल्याकडे याला जुनं उत्तर आहे. कोडं म्हणजे वस्तूचं वर्णन करून नाव विचारणं, आणि या खेळात चित्र दाखवून नाव विचारायचं आहे. गावांच्या नावांच्या भेंड्या खेळत पोरांनी निम्मा महाराष्ट्र पाठ केला. जात्यावर, मोटेवर, फेरात बायकांनी आणि गड्यांनी जे ज्ञान टिकवलं ते खेळत-गातच टिकवलं. कोडं घालणाऱ्या आजीला कुणी वारशाचा अपमान करते असं म्हणत नाही.

करायला फार पैसा लागत नाही. देशातल्या दहा मोठ्या संग्रहालयांचे संग्रह २०१४ पासून महाजालावर आणणारी 'जतन' ही संगणक प्रणाली पुण्याच्या सी-डॅकमध्येच तयार झाली आहे. त्यांत मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घा आणि गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालयही आहे. अशा नोंदींना मराठी शब्दांची एक खिडकी जोडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. राज्यातल्या संग्रहालयांनी आपल्या शंभर घरगुती वस्तूंची छायाचित्रं खुली करावीत, एवढीच पहिली मागणी आहे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून चालू आहे, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे, बोरिवली-अंधेरीत गावठाणांच्या संस्था आहेत, मनोरीला ईस्ट इंडियन समाजानं स्वतःच्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं आहे. शंभर चित्रं घेऊन एका रविवारी या दारांशी जाता येईल.

तोवर वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आलेली वस्तू भंगारात देण्याआधी किंवा परत वर टाकण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला दाखवा. ते जे नाव सांगतील ते, तो शब्द ज्या गावचा असेल ते गाव आणि सांगणाऱ्याचं पूर्ण नाव एका चिठ्ठीवर लिहा, खाली आजची तारीख घाला आणि ती चिठ्ठी त्या वस्तूलाच बांधून ठेवा.